चौकटींतलें बालपण

१९८० सालीं तेहरानमधील एका शाळेंत काढलेलें वर्गाचें छायाचित्र. चार मुली एका ओळींत बसल्या आहेत. डोक्यावर काळें वस्त्र आहे, चेहऱ्यावर हंसूं नाहीं. पांचवी मुलगी त्यांच्या डाव्या बाजूस बसली आहे; पण छायाचित्राची कड नेमकी तिच्यावर आल्यामुळें ती वगळली गेली आहे. वस्तुतः हें छायाचित्र नव्हेच. काळ्या शाईनें काढलेलें तें एक साधें चित्र आहे, आणि तें काढलें गेलें तेव्हां त्या दिवसाला वीस वर्षें होत आलीं होतीं. काढणारी स्त्री म्हणजे कडेला वगळली गेलेली तीच पांचवी मुलगी. तिचें नांव मार्जान सत्रापी. 'पर्सेपोलिस' ह्या नांवाचें तिचें आत्मवृत्त २००० ते २००३ ह्या अवधींत पॅरिसमध्यें, फ्रेंच भाषेंत, चार भागांत प्रसिद्ध झालें. त्याच्या पहिल्या चौकटींत दहा वर्षांची ती एकटी दिसते, आणि लगेच दुसऱ्या चौकटींत, वर्गाच्या समुदायांत, ती नाहींशी होते.

चौकटीमागून चौकट, पात्रांचें बोलणें फुग्यांत, असा हा प्रकार. इंग्रजींत त्यास कॉमिक म्हणतात, आणि ह्या नांवामुळेंच त्याचें पुष्कळ नुकसान झालें आहे. कारण विनोद आणि पोरखेळ ह्यांपलीकडे त्याची मजल जाणार नाहीं अशी सुशिक्षित घरांतून दीर्घकाळ समजूत होती. चित्रांच्या आधारें कथा सांगणें महाराष्ट्रास मात्र नवें नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्यांची कथा देवादिकांची. ह्या नव्या चित्रकथेंत काढणाऱ्यानें स्वतःला मांडलें. १९७२ च्या सुमारास हें वळण लागलें. त्या वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोंत कांहीं स्त्रियांनीं स्वतःचें चित्रकथांचें नियतकालिक काढलें. हिरोशिमाच्या अणुबाँबांतून वांचलेल्या केइजी नाकाझावानें आपल्या बालपणावर आधारलेली कथा १९७३ पासून जपानी मुलांच्या साप्ताहिकांत चालविली. आणि आर्ट स्पीगेलमननें ज्यूंच्या संहारांतून वांचलेल्या आपल्या बापाची हकीकत उंदीर-मांजरांच्या रूपानें रेखाटली, तिला १९९२ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, तेव्हां कोठें विद्वानांच्या बैठकींत ह्या प्रकारास जागा झाली.

स्त्रियांनीं ह्या प्रकारांत आणलेली गोष्ट निराळी आहे. राज्यक्रांति, यादवी, परचक्र ह्यांचा इतिहास सामान्यतः चौकांत, छावणींत आणि मंत्रिमंडळांत घडलेला म्हणून लिहिला जातो. घराचा दरवाजा आला कीं तो थांबतो. मराठींत चौकट हा शब्द चित्राला आहे तसा दारालाही आहे. ह्या स्त्रियांनीं चित्राची चौकट दाराच्या चौकटीच्या आंत नेऊन ठेविली. सत्ता पालटली कीं घरांत काय बदलतें? पडदे बदलतात, निजावयाची जागा बदलते, कोणासमोर काय बोलावयाचें हें बदलतें. आणि ह्यांतलें बहुतेक सर्व मुलीच्या ध्यानांत येतें, कारण ती घरांतच असते. मराठी वाचकास ह्या दृष्टीची ओळख आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्याचें नांवच 'स्मृतिचित्रें'. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं धर्मांतर केलें, तें त्या पुस्तकांत माजघराच्या बाजूनें दिसतें. लक्ष्मीबाईंनीं शब्दांनीं जें केलें तें ह्या परदेशी स्त्रियांनीं रेषेनें केलें.

ह्या वाटेनें फार आधीं गेलेली एक स्त्री होती, मात्र तिनें आपल्या कृतीस चित्रकथा म्हटलें नाहीं. शार्लोट सालोमन १९१७ सालीं बर्लिनमध्यें एका ज्यू शस्त्रवैद्याच्या घरीं जन्मली. हिटलर सत्तेवर आला तेव्हां ती पंधरा वर्षांची होती. नोव्हेंबर १९३८ च्या अत्याचारानंतर तिच्या बापास छळछावणींत नेण्यांत आलें, आणि जानेवारी १९३९ मध्यें तिला दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर आजी-आजोबांकडे धाडण्यांत आलें. तेथें १९४० सालीं आजीनें आत्महत्या केली. त्या वेळीं आजोबांच्या तोंडून तिला प्रथम कळलें कीं, तिची आईही आजारानें गेली नव्हती. तिनेंही जीवच दिला होता. ज्या घरांत एवढी गोष्ट चौदा वर्षें झांकून ठेविली होती, त्या घराची हकीकत तिनें पुढील दोन वर्षांत रंगवून काढली. 'जीवन? कीं नाट्य?' असें त्या कृतीचें नांव. कागद ७६९, आणि सारे रंग तीन मूळ रंगांच्या मिश्रणांतून साधलेले. आरंभीच्या चित्रांवर पातळ पारदर्शक कागद घालून त्यावर मजकूर लिहिला आहे. कोठें कोणती चाल मनांत आणावी हेंही सुचविलें आहे. ३० जानेवारी १९३३ च्या मिरवणुकीचें चित्र त्यांत आहे, आणि त्या ध्वजांवरील स्वस्तिक उलटें काढलें आहे. १९४३ सालीं तिनें हा गठ्ठा गांवच्या एका डॉक्टरांच्या हवालीं केला. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत आउश्विट्झ येथें तिला ठार मारण्यांत आलें. ती २६ वर्षांची होती, आणि गरोदर होती. बाप आणि सावत्र आई हॉलंडांत लपून वांचलीं; त्यांनीं पुढें हीं चित्रें अॅम्स्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयास दिलीं.

आतां पुन्हां तेहरानकडे. इराणचें नांव निघालें कीं मुंबई-पुण्याच्या माणसास कोपऱ्यावरच्या इराण्याचा चहा आठवतो. यझ्द आणि केर्मान ह्या भागांतून आलेल्या, बहुतांशीं जरथुश्त्री असलेल्या त्या मंडळींनीं हीं दुकानें थाटलीं, आणि त्यांच्या मागें राहिलेल्या देशांत पुढें काय झालें ह्याची चौकशी आपल्याकडे फारशी झाली नाहीं. त्या चौकशीवांचून 'पर्सेपोलिस'चें पहिलें पान नीट कळत नाहीं. ८ जानेवारी १९३६ रोजीं रेझा शाहनें स्त्रियांच्या बुरख्यास बंदी केली. शिपायांनीं भररस्त्यांत स्त्रियांच्या अंगावरील चादर ओढून काढल्याचे प्रसंग घडले. पुष्कळ वृद्ध स्त्रियांनीं घराबाहेर पडणेंच सोडलें. १९४१ सालीं तो गादीवरून गेल्यावर ही सक्ति ढिली पडली. त्याचा मुलगा महंमद रेझा शाह १६ जानेवारी १९७९ रोजीं देश सोडून गेला, १ फेब्रुवारीस आयातुल्ला खोमेनी परत आले, आणि पांच आठवडे लोटतात न लोटतात तोंच, ८ मार्च रोजीं, बुरख्याची सक्ति होणार ह्या बातमीनें संतापलेल्या हजारों स्त्रिया तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. सक्ति लांबली, टळली नाहीं. १९८० सालीं ती सरकारी कचेऱ्यांत आली, आणि १९८३ च्या कायद्यानें सर्व स्त्रियांवर आली; तो मोडणारीस ७४ फटक्यांची शिक्षा सांगितली होती. अर्ध्या शतकाच्या आंत दोन सत्तांनीं, एकीनें वस्त्र उतरविण्यासाठीं आणि दुसरीनें तें चढविण्यासाठीं, सारखाच दंडुका वापरला.

दहा वर्षांच्या मुलींना ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. वस्त्र हातीं पडल्यावर त्यांनीं त्याचें काय केलें तें सत्रापीनें काढून ठेविलें आहे. एकीनें त्याची उड्या मारावयाची दोरी केली, एकीनें घोड्याचा लगाम. एकीला उकडूं लागलें. एक मुलगी दुसरीचा गळा दाबून देहान्त शासनाचा खेळ खेळत आहे. हा शेवटचा खेळ पाहून वाचक दचकतो. मुलींनीं तो कोठून आणला हें त्यांना कोणी विचारीत नाहीं, आणि चित्रही सांगत नाहीं.

मार्जानचें घर सुधारकी वळणाचें. पुस्तकें पुष्कळ. देव आणि कार्ल मार्क्स हे दोघे तिला सारखेच दिसत. मार्क्सचे केंस थोडे अधिक कुरळे, एवढाच भेद. रात्रीं देव तिच्या बिछान्याशीं येऊन बोलत बसे. आईबाप शाहविरुद्धच्या मोर्च्यांत जात, आणि क्रांति झाली तेव्हां ह्या घरांत आनंदच झाला होता. हें तिनें लपवून ठेविलेलें नाहीं, आणि म्हणूनच पुढील भागाला वजन येतें. शाहच्या तुरुंगांत वर्षें काढलेला एक काका सुटून घरीं येतो, पुतणीला गोष्टी सांगतो. नवी राजवट त्याला पुन्हां धरते. भेटीस एकाच माणसाची परवानगी. तो पुतणीला बोलावतो आणि पावाचा केलेला लहानसा हंस तिच्या हातीं देतो. त्याला ठार केल्याची बातमी आल्यावर देव नेहमींप्रमाणें येतो, तेव्हां ती त्याला घालवून देते. एवढ्या मोठ्या प्रसंगाला तिनें फारच थोडें लिहिलें आहे; चित्रांत काळ्या अवकाशांत एकटी तरंगणारी मुलगी आहे, बस्स.

मुलीला न कळणारी गोष्ट मुलीच्याच समजुतीप्रमाणें काढावयाची, मागाहून आलेलें शहाणपण त्यांत मिसळावयाचें नाहीं, हा तिचा नियम. तुरुंगांतून सुटून आलेले लोक घरीं बसून छळाच्या हकीकती सांगतात आणि मुलगी ऐकत असते. एका कैद्याचे तुकडे केले, हें वाक्य तिच्या कानीं पडतें. चित्रांत तुकडे आहेत, पण रक्त नाहीं. मातीची बाहुली सांध्यांशीं सुटावी तसे हात, पाय, धड वेगवेगळे पडले आहेत आणि आंतून पोकळ आहेत. दहा वर्षांच्या मुलीला माणसाचें शरीर आंतून कसें असतें हें ठाऊक नसतें. छायाचित्रास हें करतां आलें नसतें, आणि शब्दांसही क्वचितच.

छायाचित्राविषयीं ह्या पुस्तकांत एक प्रसंग आहे. मार्जानची आई एका मोर्च्यांत असतांना कोणा परदेशी वार्ताहरानें तिचें छायाचित्र घेतलें. तें युरोपांतील वर्तमानपत्रांत छापून आलें आणि पुढें एका इराणी मासिकांतही आलें. त्यानंतर आईनें केंसांना रंग लावला, आणि कित्येक दिवस ती काळा चष्मा घालून फिरली. खरें छायाचित्र माणसाला धोक्यांत घालतें. मुलीनें वीस वर्षांनीं काढलेल्या चित्रांत तीच आई उघड्या तोंडानें, हात उंचावून उभी आहे आणि कोणी तिला ओळखून धरणार नाहीं.

सत्रापीवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो पोकळ नाहीं. तिचें घराणें सधन. आईच्या बाजूनें कजार राजवंशाशीं नातें. घरीं मोलकरीण, दारीं मोटार. अशा घरांतील मुलीच्या आठवणींवरून साऱ्या इराणच्या बालपणाची कल्पना करणें चूक आहे. परंतु ह्या आक्षेपाचा सर्वांत बोलका पुरावा तिनें स्वतःच पुस्तकांत ठेविला आहे. २२ सप्टेंबर १९८० रोजीं इराकशीं सुरू झालेलें युद्ध आठ वर्षें चाललें. ह्या युद्धाच्या आरंभींच्या काळांत मोलकरणीनें एके दिवशीं घरीं एक किल्ली आणून दाखविली. प्लॅस्टिकची, वर सोनेरी रंग दिलेली. तिच्या मुलाला ती शाळेंत मिळाली होती. लढाईवर जाऊन मरण आलें तर स्वर्गाचें दार ह्या किल्लीनें उघडेल, असें मुलांना सांगण्यांत आलें होतें. मुलगा चौदा वर्षांचा. मार्जानच्या आईनें त्याला जवळ बसवून समजावलें. त्याच्या ध्यानांत कितपत आलें हें पुस्तकांत स्पष्ट नाहीं. पुढें एकाच पानावर दोन चित्रें आहेत. वरच्यांत सुरुंगांच्या स्फोटांत उडालेल्या मुलांच्या काळ्या आकृति, प्रत्येकाच्या गळ्यांत किल्ली. खालच्यांत मार्जानच्या मैत्रिणी-मित्रांची मेजवानी; सगळे नाचत आहेत. नवी फॅशन म्हणून भोकें पाडलेला स्वेटर तिच्या अंगावर आहे आणि गळ्यांत सांखळी. दोन्ही चित्रांतील हातापायांची ठेवण जवळजवळ सारखी आहे. लेखिकेनें ह्यावर टीका केलेली नाहीं, आणि करण्याची गरजही नव्हती. वर्गभेदाविषयीं शेंकडों पानें लिहिणाऱ्यांनीं हें एक पान पाहावें.

युद्ध घरांत येतें तें खिडकीच्या कांचांना चिकटविलेल्या पट्ट्यांनीं आणि जाड काळ्या पडद्यांनीं. पट्ट्या स्फोटासाठीं, पडदे शेजाऱ्यांच्या नजरेसाठीं, कारण घरांत पत्ते, संगीत, मद्य ह्यांपैकीं कांहीं चाललें तर तें बाहेर दिसतां कामा नये. मग एके दिवशीं क्षेपणास्त्र शेजारच्या घरावर पडतें. ढिगाऱ्यांत मैत्रिणीच्या हातांतलें कंकण मार्जानला दिसतें, आणि त्यानंतरची चौकट संपूर्ण काळी आहे. १९८४ सालीं, चौदा वर्षांच्या मार्जानला आईबापांनीं व्हिएन्नाला पाठवून दिलें. विमानतळावर मागें वळून पाहूं नये हें तिला कळत होतें, तिनें पाहिलें. कांचेच्या पलीकडे आई बेशुद्ध झाली होती आणि बाप तिला हातांवर घेऊन चालला होता. पुढचे दोन भाग परदेशांतील एकटेपण, १९८८ सालीं परत येणें, चित्रकलेचें शिक्षण, लग्न, घटस्फोट आणि १९९४ सालीं कायमचें जाणें ह्यांविषयीं आहेत. तेही वाचनीय आहेत. पण पहिल्या दोन भागांची धार त्यांना नाहीं, कारण तेथें पाहणारी मुलगी मोठी झालेली आहे आणि तिला सगळें कळूं लागलें आहे.

पुस्तकाला दिलेल्या नांवांतही एक टोमणा आहे. पर्सेपोलिस म्हणजे अलेक्झांडरनें जाळलेलें प्राचीन राजपीठ; इराणी लोक त्यास तख्त-इ-जमशीद म्हणतात. १९७१ सालीं महंमद रेझा शाहनें तेथेंच राजसत्तेच्या २५०० वर्षांचा प्रचंड उत्सव केला होता. त्या वेळीं मार्जान दोन वर्षांचीही झाली नव्हती.

ह्या पुस्तकावरून सत्रापीनें व्हॅन्साँ पारोनोच्या सहकार्यानें केलेल्या चित्रपटास २००७ सालीं कान येथें परीक्षक मंडळाचें पारितोषिक मिळालें. त्याच्या वाट्याला आलेला विरोधही नोंदण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०११ मध्यें ट्युनिशियांतील एका दूरचित्रवाणी केंद्रानें तो दाखविला, तेव्हां मुलीच्या बिछान्याशीं बसणाऱ्या देवाचें चित्र पाहून लोक खवळले, आणि पुढील वर्षीं केंद्राच्या मालकास न्यायालयानें २४०० दिनार दंड केला. मूळ पुस्तकाविरुद्ध मार्च २०१३ मध्यें शिकागोच्या सरकारी शाळांत हुकूम निघाला. तेथें आक्षेप छळाच्या चित्रांवर होता, तीं सातवीच्या मुलांना सोसणार नाहींत म्हणून. विद्यार्थ्यांनीं शाळांबाहेर निदर्शनें केलीं. ज्या वयाच्या मुलीनें तें घरीं बसून ऐकलें, त्याच्या जवळपासच्या वयाच्या मुलांनीं तें वाचूं नये, असा तो वाद होता.

इराणांत निदान राज्यकर्त्यांचा म्हणून एक इतिहास आहे, आणि सत्रापी त्याच्याशीं भांडते. लेबॅनॉनमध्यें भांडावयालाही कांहीं नाहीं. तेथें १३ एप्रिल १९७५ रोजीं पेटलेली यादवी १९९० पर्यंत चालली. राजधानी बैरूत पूर्व आणि पश्चिम अशी दुभंगली. मधल्या ओसाड पट्ट्यास हिरवी रेषा म्हणत. १९८९ च्या ताइफ करारांत सर्व शाळांसाठीं इतिहासाचें एकच पाठ्यपुस्तक करावें असें ठरलें. १९९१ सालीं सार्वत्रिक माफीचा कायदा झाला. माफी अंमलांत आली. पाठ्यपुस्तक झालें नाहीं. कोणीं कोणावर अन्याय केला ह्याविषयीं पंथोपपंथांचें एकमत होईना, म्हणून शाळेंतला इतिहास १९४३ च्या स्वातंत्र्याच्या आसपास येऊन थांबतो. ज्यांनीं तीं पंधरा वर्षें भोगलीं त्यांच्या मुलांना तीं पुस्तकांत सांपडत नाहींत.

झेइना अबिराशेद १९८१ सालीं बैरूतच्या पूर्व भागांत जन्मली. म्हणजे युद्ध तिच्याहून वयानें मोठें. चित्रकला शिकून ती २००४ सालीं पॅरिसला गेली. तेथें १९८४ सालच्या बैरूतविषयींची दूरचित्रवाणीची एक जुनी फीत पाहत असतां, घराच्या दारालगतच्या दालनांत बसून बोलणारी एक वृद्ध स्त्री तिला दिसली. ती तिची आजी होती. येथें आपण थोड्याफार सुरक्षित असूं, अशा अर्थाचें कांहींसें ती वार्ताहरास सांगत होती. त्या एका वाक्यांतून अबिराशेदचें पुस्तक जन्मलें. 'मरणें, जाणें, परतणें : पाकोळ्यांचा खेळ' असें त्याचें नांव, तें २००७ सालीं निघालें.

सारें पुस्तक एका संध्याकाळचें, आणि जवळजवळ एकाच जागेंतलें आहे. बंदुकी आणि तोफा ह्यांच्या भीतीनें ह्या कुटुंबानें घरांतील खोल्या एकेक करून सोडल्या, आणि शेवटीं खिडकी नसलेलें, पुढच्या दारालगतचें तें लहानसें दालन तेवढें राहिलें. गाद्या तेथें, जेवण तेथें, मुलांचे खेळ तेथें. भिंतीवर मोझेस आणि त्याचे लोक इजिप्त सोडून जात असल्याचा देखावा विणलेला एक मोठा पडदा आहे; देशत्यागाच्या त्या चित्राखालीं न जाणारीं माणसें बसलेलीं असतात. त्या संध्याकाळीं आईबाप थोड्याच गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आजीकडे गेले आहेत, आणि तोफांचा मारा सुरू झाल्यामुळें त्यांना परततां येत नाहीं. झेइना आणि तिचा धाकटा भाऊ वाट पाहत आहेत. त्यांना एकटें वाटूं नये म्हणून इमारतींतील शेजारी एकामागून एक येऊन बसतात. एक वृद्धा मुलांसाठीं गोड पदार्थ करते. एक शिक्षक 'सिरानो' ह्या फ्रेंच नाटकांतील भाग म्हणून दाखवितो. दोन घरांमधला तो दोन-चार गल्ल्यांचा रस्ता अबिराशेदनें नकाशासारखा काढला आहे: येथें धांवावयाचें, येथें वाकून चालावयाचें, येथें भिंतीला चिकटून थांबावयाचें, कारण समोरच्या गच्चीवर बंदूकधारी बसलेला आहे. युद्धाच्या ग्रंथांत सैन्यांच्या हालचालींचे नकाशे असतात. लेकीनें आईच्या घरीं कसें जावें ह्याचा नकाशा त्यांत नसतो.

काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून अबिराशेदची सत्रापीशीं तुलना सदोदित होते. ती वरवरची आहे. सत्रापीची रेषा घाईची, जाडीभरडी, बोलकी. अबिराशेदची भरतकामासारखी मोजलेली. तीच नक्षी, तीच खुर्ची, तेच चेहरे पुन्हां पुन्हां येतात, आणि मधून एखादेंच माणूस हललेलें दिसतें. वाट पाहण्याचा वेळ कसा जातो हें तिला असें साधलें आहे. २००८ सालच्या दुसऱ्या एका पुस्तकांत तिनें फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकच्या पद्धतीनें नुसत्या आठवणी एकामागून एक मांडल्या. त्यांतली एक अशी कीं, तिचा भाऊ तोफगोळ्यांचे तुकडे जमवीत असे. इतर देशांतील मुलें टपालाचीं तिकिटें जमवितात.

हीं चित्रें पुरावा म्हणून धरावीं काय, असें इतिहासकार विचारील, आणि त्यानें तें विचारलेंच पाहिजे. मिरियम कातिन १९४२ सालीं हंगेरींत एका ज्यू घरांत जन्मली. १९४४ सालीं जर्मन फौजा आल्यावर तिच्या आईनें घरांतील कागद, पत्रें, छायाचित्रें जाळून टाकलीं, आपण मेल्याचा देखावा केला, आणि मुलीला घेऊन ती खेड्यापाड्यांतून लपत फिरली. कातिननें ही हकीकत शिसपेन्सिलीनें चितारून २००६ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां तिची साठी उलटली होती. दोन वर्षांच्या मुलीला काय आठवणार? बहुतेक आईकडून ऐकलेलेंच. तिच्या चित्रांत भूतकाळ करडा आहे आणि वर्तमानकाळ तेवढा रंगीत. पोलंडच्या मार्झेना सोवाची अडचण निराळी. १९७९ सालीं ती स्तालोव्हा व्होला ह्या पोलादाच्या कारखान्याच्या गांवीं जन्मली. १३ डिसेंबर १९८१ चा लष्करी कायदा, दुकानांपुढील रांगा, नाताळासाठीं आणून न्हाणीघराच्या टबांत जिवंत ठेविलेला मासा, १९८६ सालीं चेर्नोबिलहून आलेलें भय आणि १९८८ चा कामगारांचा संप, हें तिचें बालपण. २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या ह्या मालिकेंत शब्द तिचे आहेत, पण चित्रें तिच्या फ्रेंच जोडीदाराचीं, सिल्व्हँ सावोयाचीं. दुसऱ्याच्या हातानें काढलेली आठवण कोणाची समजावयाची?

न्यायालयांत साक्षीदारास जें विचारतात तें ह्या पुस्तकांस विचारून फळ मिळणार नाहीं. अमुक तारखेस अमुक गल्लींत किती गोळे पडले हें अबिराशेद सांगूं शकत नाहीं. परंतु घरांतील कोणती खोली आधीं सोडली आणि कोणती मागाहून, हें ती सांगते, आणि ह्याची नोंद कोणत्याही दफ्तरांत नाहीं. कातिनच्या आईनें कागद जाळले त्या वेळेपासून त्या घराचा पुरावा म्हणून आईची वाणी आणि मुलीचा हात एवढेंच उरलें होतें.

१६ सप्टेंबर २०२२ रोजीं महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी तेहरानमध्यें मरण पावली. डोक्यावरील वस्त्र नियमाप्रमाणें नाहीं म्हणून सदाचाराच्या पोलिसांनीं तिला धरलें होतें. त्यानंतर देशभर उसळलेल्या उठावांत शाळकरी मुलीही उतरल्या. सत्रापीनें इतर अनेक चित्रकार आणि अभ्यासक ह्यांना एकत्र करून ह्या उठावाचा चित्ररूप वृत्तान्त सिद्ध केला. 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ह्या नांवानें तो २०२३ सालीं पॅरिसला निघाला. उठावाच्या त्या महिन्यांत इराणमधील शाळांच्या वर्गांतून कित्येक छायाचित्रें बाहेर आलीं. डोक्यावरचें वस्त्र काढून मुली एका ओळींत उभ्या आहेत, केंस पाठीवर मोकळे सोडले आहेत, आणि कोणाचाही चेहरा दिसत नाहीं. ह्या वेळीं छायाचित्राच्या कडेनें कोणाला वगळलेलें नव्हतें. आपली ओळख पटूं नये म्हणून मुलींनींच पाठ फिरविली होती.